दुरुस्तीची निष्ठा

वस्तू नवी असते तेव्हा ती मालकाच्या अभिमानाचा विषय असते. वापरात रुळली की ती हळूहळू नजरेआड होते, कारण ती आपले काम करीत असते. आणि मोडली की पुन्हा डोळ्यांसमोर येते. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वचिंतकाने १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हातोडीच्या उदाहरणाने हा अनुभव तात्त्विक पातळीवर मांडला. हातोडी नीट चालते तोवर सुताराचे लक्ष कामाकडे असते. ती निकामी झाली म्हणजेच ती वस्तू म्हणून त्याच्यापुढे उभी राहते. दुरुस्तीचा विचार करणाऱ्याला या ठिकाणाहून आणखी एक पाऊल पुढे जावे लागते. मोडलेली वस्तू समोर आल्यावर माणूस ती टाकून देतो, आठवण म्हणून जपून ठेवतो किंवा दुरुस्त करतो. दुरुस्त करणारा माणूस नेमका कोणाशी एकनिष्ठ असतो? त्या वस्तूशी, ती घडविणाऱ्याशी, ती आजवर वापरणाऱ्यांशी, की ती पुढे वापरणाऱ्या कोणा अपरिचिताशी? या निष्ठा एकमेकींशी जुळतात तोवर प्रश्न उद्भवत नाही. त्या परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या म्हणजे मात्र दुरुस्ती ही केवळ हस्तकौशल्याची बाब न राहता नीतीचा विषय होते.

हा प्रश्न आजवर मोठ्या वस्तूंच्या संदर्भात पुष्कळदा चर्चिला गेला आहे. देवळाचा जीर्णोद्धार कसा करावा, चित्रावरचे काळवंडलेले रोगण काढावे की राहू द्यावे, पोथीतला गळालेला पाठ भरावा की जागा रिकामी सोडावी, यांवर विपुल लेखन झालेले आहे. पण देऊळ, चित्र किंवा पोथी यांच्या बाबतीत धर्म, सौंदर्य आणि परंपरेचा अभिमान यांचे वजन विचाराच्या पारड्यात आधीच पडलेले असते. मूळ नैतिक प्रश्न त्याखाली दबतो. म्हणून तो एखाद्या साध्या, प्रतिष्ठा नसलेल्या वस्तूवर तपासून पाहणे उपयुक्त ठरते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत तयार झालेला, घराभोवतीच्या जागेत वापरायचा छोटा ट्रॅक्टर ही अशी एक वस्तू आहे. तो शेतावरचा ट्रॅक्टर नव्हे. गवत कापणे, भाजीपाल्याचा वाफा नांगरणे, हिवाळ्यात अंगणातले बर्फ सारणे, मातीची लहान गाडी ओढणे ही त्याची कामे. त्याच्यावर कोणी काव्य रचलेले नाही. तरीही साठ वर्षे जुने असे ट्रॅक्टर खोलून, साफ करून, पुन्हा जोडून चालते करणारी माणसे अमेरिकेत गावोगाव आहेत, आणि त्यांच्यात जे वाद होतात ते देवळांच्या जीर्णोद्धारावरील वादांहून फारसे वेगळे नाहीत.

या यंत्राचा उगमच एका जुळवाजुळवीत आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली हा व्यवसायाने छायाचित्रकार होता. बागेतले कष्ट हलके व्हावेत म्हणून त्याने मोटारसायकलीचे भाग वापरून मागून चालत हाकायचा एक यांत्रिक नांगर तयार केला आणि १९१६ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढे डनबार या गावी त्याचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर ऐसपैस जागेत घरे बांधली जाऊ लागली, तेव्हा अशा यंत्रांची मागणी वाढली. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे एल्मर पाँड याने १९४६ साली सुरू केलेल्या उद्योगातून ‘व्हील हॉर्स’ हे लाल रंगाचे ट्रॅक्टर पुढे आले. मोठे ट्रॅक्टर बनविणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६०-६१च्या सुमारास केंटकी राज्यातील लुइव्हिलच्या कारखान्यातून ‘कब कॅडेट’ बाजारात आणला. त्याच्या घडणीत तिच्याच ‘फार्मऑल कब’ या १९४७ सालच्या छोट्या शेतट्रॅक्टरचे दातचक्रांचे भाग उपयोगात आणले होते. १९६३ साली जॉन डिअर कंपनीचा ‘११०’ आला. पुढच्या दोन दशकांत या धंद्याचे स्वरूप पालटले. कब कॅडेट १९८१ साली एमटीडी कंपनीकडे गेला, व्हील हॉर्स १९८६ साली टोरो कंपनीने घेतला. बाजारात पातळ पत्र्याच्या, केवळ गवत कापण्याएवढ्या ताकदीच्या हलक्या यंत्रांचे प्रमाण वाढले. जुनी जड यंत्रे गोठ्याच्या कोपऱ्यात, झाडाखाली, उंच वाढलेल्या गवतात उभी राहिली.

अशा एखाद्या यंत्राशी दुरुस्ती करणाऱ्याची पहिली भेट बहुधा गंजाशीच असते. वर्षानुवर्षे बंद राहिल्यामुळे पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसलेला असतो. अनुभवी माणूस तेथे जोर लावीत नाही. तो प्लगच्या छिद्रातून गंज सैल करणारे तेल आत सोडतो आणि वाट पाहतो. कधी दिवस, कधी आठवडे. घाई करून फिरवाफिरव केली तर कनेक्टिंग रॉड मोडण्याचा संभव असतो. गंजलेले सुटे भाग तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवितो आणि बॅटरी चार्ज करण्याच्या यंत्रातून त्या पाण्यात मंद वीजप्रवाह सोडतो. गंज सुटून येतो, खालचा चांगला धातू शिल्लक राहतो. या पाण्यात दुसऱ्या टोकाला साधे लोखंड लावायचे असते. तेथे स्टेनलेस स्टील लावल्यास क्रोमियमची घातक संयुगे पाण्यात उतरतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी ठिणगी देणाऱ्या पॉइंटांच्या फटीत पातळ पोलादी पट्टी घालून अंतर मोजले जाते. कोहलर कंपनीच्या के-मालिकेतील इंजिनांसाठी हे अंतर २० सहस्रांश इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, असे ठरलेले आहे. बोटांना न जाणवणाऱ्या एवढ्याशा फरकाने इंजिन एक तर चालते किंवा चालत नाही. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाने १९७४ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात मोटारसायकलीच्या देखभालीतून चित्ताच्या एकाग्रतेचा विचार मांडला, तो याच अनुभवक्षेत्रातला. यंत्र खुशामतीला भुलत नाही, आणि पदवीलाही मान देत नाही.

तथापि एकाग्रता हा दुरुस्तीचा गुण झाला, तिची नीती नव्हे. नीतीचा धागा या इंजिनाच्या आणखी एका वैशिष्ट्यातून हाती लागतो. के-मालिकेतील ओतीव लोखंडाचे सिलिंडर वापराने झिजते, त्याची गोलाई बिघडते. तेव्हा ते लेथसारख्या यंत्रावर किंचित मोठे करून घेता येते आणि तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन त्यात बसविता येतो. असे वाढीव मापाचे पिस्टन खुद्द निर्मात्यानेच काढले होते: मूळ मापाहून १०, २० आणि ३० सहस्रांश इंचांनी मोठे. म्हणजे एकच लोखंडी ठोकळा तीनदा नव्याने आयुष्य सुरू करू शकतो. कनेक्टिंग रॉडसाठीही अशीच कमी मापाची सोय होती. या आकड्यांत एक भूमिका दडलेली आहे. यंत्र रचणाऱ्याने ते रचतानाच मान्य केले होते की ते झिजणार आहे. आणि पुढे कधी तरी, कोठल्या तरी गावात, त्याला कधीही न भेटणारा एक माणूस हे झाकण उघडणार आहे. त्या माणसासाठी त्याने लोखंडाची जाडी राखून ठेवली, बोल्ट हाताला येतील अशा जागी लावले, मापे पुस्तिकेत छापली. निर्माता आणि दुरुस्ती करणारा यांच्यात असा एक अलिखित करार होता. दुरुस्ती करणाऱ्याची निष्ठा कोठे असावी याचा पहिला संकेत या करारातच मिळतो. निर्मात्याचे लक्ष स्वतःच्या कृतीच्या अमरत्वाकडे नव्हते, पुढच्या हाताकडे होते.

परंतु हा संकेत सर्व जण सारखाच वाचीत नाहीत. जुने ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांत स्थूलमानाने तीन पक्ष दिसतात. पहिला पक्ष पूर्ण जीर्णोद्धाराचा. तो यंत्र शेवटच्या बोल्टपर्यंत खोलतो, वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवितो, कंपनीच्या मूळ छटेचा नवा रंग देतो, नव्याने छापलेली अक्षरे चिकटवितो. त्याचा ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला त्या दिवशीपेक्षाही अधिक चकचकीत दिसतो, आणि पुष्कळदा त्यानंतर तो मातीत कधीच उतरत नाही. दुसरा पक्ष जतनाचा. वस्तू मूळ स्थितीत एकदाच असते, अशी त्याची धारणा. उडालेला रंग, पायाने झिजलेले पायदान, मुठीवरचा गुळगुळीतपणा हा त्याला यंत्राचा लेखी इतिहास वाटतो, आणि तो पुसण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. तिसरा पक्ष कामाचा. त्याला रंगाचे सोयरसुतक नसते. मूळ कार्ब्युरेटर मिळत नसेल तर तो दुसऱ्या कंपनीचा बसवितो, पत्र्याला ठिगळ मारतो, आणि शनिवारी गवत कापून मोकळा होतो.

वास्तुकलेच्या क्षेत्रात हाच वाद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पेटला होता. जॉन रस्किनने १८४९ साली जीर्णोद्धाराच्या कल्पनेवर कठोर टीका केली. गेलेल्या कारागिराचा हात परत आणता येत नाही, म्हणून त्याच्या कामाची हुबेहूब नक्कल करणे म्हणजे मूळ कामाचा नाश, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. वेळच्या वेळी निगा राखली तर जीर्णोद्धाराची गरजच पडणार नाही, हेही त्याने सांगितले. विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली ती याच विचाराने. या दृष्टीने पाहता जतनाचा पक्ष रस्किनचा वारस ठरतो. पण रस्किनचा युक्तिवाद यंत्राला जसाच्या तसा लागू करता येत नाही. दगडी कमानीवर शिल्पकाराच्या छिन्नीची खूण असते. कारखान्यात हजारोंनी निघालेल्या पत्र्यावर तशी खूण नसते. तेथे जी खूण दिसते ती वापरणाऱ्याची आहे. शिवाय कमान उभी राहिली तरी तिचे कार्य चालू असते. यंत्र नुसते उभे राहिले तर त्याचे कार्य थांबलेले असते. न चालणारा ट्रॅक्टर जसाच्या तसा जपणे म्हणजे वाद्य न वाजविता पेटीत ठेवण्यासारखे आहे. उलट चकचकीत रंग दिलेल्या आणि मातीला न शिवणाऱ्या ट्रॅक्टरचीही गत वेगळी नाही. रूपाशी निष्ठा आणि द्रव्याशी निष्ठा या दोन्ही एका मर्यादेपलीकडे ताणल्या की वस्तूच्या प्रयोजनाशी प्रतारणा होते. आणि केवळ कामाशी निष्ठा ठेवणारा पक्ष? तोही निर्दोष नाही. त्याने लावलेल्या ठिगळाखाली काय आहे हे पुढच्याला कळेलच असे नाही.

‘कळणे’ हा शब्द येथे कळीचा आहे. वस्तूचे भाग बदलत गेले तर ती तीच वस्तू राहते का, हा प्रश्न भारतीय आणि ग्रीक या दोन्ही परंपरांत जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय; चाके, आस, दांडी की यांहून वेगळे काही? यांपैकी एकही रथ नाही आणि यांच्याविना वेगळा रथही नाही. रथ हे या भागांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे. प्लुटार्कने थीसियसच्या नौकेचा दाखला दिला. अथेन्सचे लोक तिची कुजलेली फळी काढून नवी बसवीत आणि तत्त्वज्ञ त्यावर वाद घालीत. टॉमस हॉब्जने १६५५ साली त्या कोड्यात एक खोच घातली. काढलेल्या सर्व जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांची पुन्हा नौका बांधली, तर खरी नौका कोणती?

ट्रॅक्टरच्या शेडमध्ये हॉब्जचे कोडे अगदी नित्याचे असते. एक यंत्र चालते करण्यासाठी त्याच नमुन्याची दोन-तीन मोडकी यंत्रे विकत घ्यावी लागतात. एकाचे इंजिन, दुसऱ्याची दातचक्रे, तिसऱ्याचे आसन. उरलेले सांगाडे पुन्हा दुसरा कोणी घेतो आणि त्यातूनही एक ट्रॅक्टर उभा करतो. यांतला १९६३ सालचा कोणता? तत्त्वज्ञाला हे कोडे न सोडविता झोप लागू शकते; यंत्राचा क्रमांक ज्या पट्टीवर असतो ती पट्टी एका सांगाड्यावरून काढून दुसऱ्यावर लावणाऱ्याला मात्र ती सवलत नाही. कारण तो ट्रॅक्टर उद्या विकला जाणार आहे आणि विकत घेणारा त्या पट्टीवर विश्वास ठेवणार आहे. नागसेनाचे म्हणणे मान्य केले, रथ हे केवळ व्यवहारातले नाव आहे असे धरले, तरी नावाच्या व्यवहारात खोटेपणा होऊ शकतोच. किंबहुना वस्तूला स्वतःचे अक्षय असे सत्त्व नसेल तर तिच्याविषयी खरे बोलण्याची जबाबदारी अधिकच माणसावर येते. भाग बदलणे हा दोष नाही. बदल लपविणे हा दोष आहे. ओळखीचा तात्त्विक प्रश्न विक्रीच्या क्षणी असा नैतिक रूप धारण करतो.

साहित्याच्या अभ्यासकांना या ठिकाणी एक परिचित दाखला आठवेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ साली पूर्णत्वास गेले. शेकडो हस्तलिखितांची तुलना करून सिद्ध केलेल्या या आवृत्तीत जेथे संपादकांना पाठाविषयी पुरती खात्री नव्हती, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा छापलेली आहे. संहिता वाचता यावी म्हणून पाठ दिला आहे; पण तो संशयित आहे हेही वाचकापासून लपविलेले नाही. नाकारलेले पाठभेद खाली टिपांत दिले आहेत, म्हणजे उद्याच्या अभ्यासकाला निर्णय फिरवायचा झाला तर साधने त्याच्या हाताशी आहेत. संहितेची ही दुरुस्ती अखंडता आणि प्रामाणिकपणा या दोन्हींचा मान राखते. वास्तूंच्या रक्षणासाठी १९६४ साली सिद्ध झालेल्या व्हेनिसच्या सनदेतही हेच तत्त्व दिसते. गळालेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, तरी तो नवा आहे हे ओळखू यावे, असे ती सांगते. गोठ्यातल्या ट्रॅक्टरला जे तत्त्व लागू पडते तेच महाभारताला आणि व्हेनिसलाही लागू पडावे, यात महाभारताचा किंवा व्हेनिसचा अवमान नाही. दुरुस्तीची नीती वस्तूच्या थोरवीवर अवलंबून नसते, एवढेच त्यातून दिसते.

या तत्त्वाची कठीण परीक्षा मात्र वेगळ्याच जागी होते. साठच्या दशकातील पुष्कळ ट्रॅक्टरांवर चालक आसनावरून उठला तर पाते वा इंजिन थांबविणारी कळ नव्हती. पुढे ती सर्रास बसविली जाऊ लागली. हाताने ढकलायच्या गवत कापण्याच्या यंत्रांसाठी अमेरिकेत १९८२ सालापासून मूठ सोडल्यावर तीन सेकंदांच्या आत पाते थांबलेच पाहिजे असा नियम आहे. लहान मुले फिरत्या पात्याखाली सापडून जायबंदी होण्याचे अपघात ही कल्पनेतली भीती नाही. समजा, एखाद्याने आजोबांचा ट्रॅक्टर अतिशय निष्ठेने, प्रत्येक तारेचा मूळ रंग राखून दुरुस्त केला आहे. आता घरातले बारा वर्षांचे मूल त्यावर बसू पाहते. आसनाखाली कळ बसविली तर यंत्र ‘मूळ’ राहत नाही, प्रदर्शनात त्याचे गुण कमी होतात. न बसविली तर यंत्र मूळ राहते आणि त्याच्या काळातला धोकाही मूळ रूपात शिल्लक राहतो. जुन्या क्लचच्या अस्तरात व गास्केटात ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, तेथेही हाच पेच आहे. मूळ म्हणून तेच ठेवायचे आणि घासताना उडालेली धूळ श्वासात घ्यायची, की बदलायचे?

येथे निष्ठांचा क्रम ठरवावाच लागतो. निर्मात्याचा हेतू काय होता, असे विचारले तर उत्तर सोपे होते. चालकाला इजा व्हावी असा त्याचा हेतू नव्हता. त्याच्या काळाला तेवढेच ज्ञात होते, किंवा तेवढेच पुरेसे वाटले होते. त्याच्या अज्ञानाशी एकनिष्ठ राहणे म्हणजे त्याच्याशी एकनिष्ठ राहणे नव्हे. ज्याने पुढच्या माणसासाठी सिलिंडरची जाडी राखून ठेवली, त्याच्या वारसाने पुढच्या मुलाच्या पायासाठी कळ बसवावी, यात कराराचा भंग नाही, पूर्तता आहे. मात्र ती बसवितानाही पद्धत असू शकते. मूळ पत्र्याला छिद्र न पाडता, जुन्या तारा न कापता, काढून टाकता येईल अशी. आणि बसविली आहे याची नोंद ठेवून. नागमोडी रेषेचे तत्त्व येथेही पाळता येते. पण ते पाळता येत नसेल, छिद्र पाडावेच लागत असेल, तर छिद्र पाडावे. वस्तूचे मूळपण हे मूल्य आहे. माणसाचा पाय हे त्याहून मोठे मूल्य आहे. वस्तूवरील प्रेमाचा हा निकष ज्यांना कठोर वाटेल त्यांचे प्रेम वस्तूवर आहे की स्वतःच्या संग्रहावर, हे त्यांनी तपासावे.

या सगळ्या विवेचनावर एक मूलगामी आक्षेप संभवतो. ज्यांच्याकडे मोठे अंगण, बंदिस्त शेड आणि मोकळा शनिवार आहे अशा सुस्थित लोकांचा हा छंद. त्याला नीतीचा मुलामा कशासाठी? गवताची हिरवळ राखणे हीच मुळात पाण्याची आणि श्रमाची उधळपट्टी, आणि जुनी इंजिने हवेत धूर ओकतात. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा करून २०२४ पासून अशा छोट्या नव्या पेट्रोल इंजिनांची विक्री बंद करण्याच्या दिशेने पाऊल टाकले, ते याच कारणाने. आक्षेपात तथ्य आहे. जुने ते सारे राखण्याजोगे असते असे दुरुस्तीचा विचार सांगत नाही. आठवड्यातून एकदा चालणारे जुने यंत्र राखणे आणि नवे यंत्र घडविण्यासाठी पुन्हा लोखंड वितळविणे यांचा हिशेब दर वेळी वेगळा येईल, आणि तो प्रामाणिकपणे मांडावा लागेल. ज्या देशात दुरुस्ती ही निवड नसून निरुपाय आहे, तेथून पाहता तर हा छंद आणखीच परका वाटतो. भारतातील रस्त्याकडेचा मिस्त्री जुने इंजिन चालते करतो ते गतकाळाच्या ओढीने नव्हे. गिऱ्हाईकाला नवे परवडत नाही म्हणून. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी बाईही काही तत्त्वचिंतन करायला बसलेली नसते.

पण निरुपायाने केलेल्या कामात नीती नसते, असे मात्र नाही. महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटींत यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते नीट वापरल्यास वीस वर्षे चालावे आणि सुटे भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून वाढू नये, असे म्हटले होते. गरिबाच्या यंत्राला टिकाऊपणा आणि दुरुस्तीसुलभता हे गुण असलेच पाहिजेत, ते नशिबावर सोडायचे नाहीत, ही त्यामागची दृष्टी. विस्कॉन्सिनमधल्या कारखान्याने पिस्टनची वाढीव मापे काढली त्यामागे व्यापार होता, चरख्याच्या अटींमागे स्वराज्याचा विचार होता. तरी दोन्ही ठिकाणी वापरणारा हा यंत्राचा केवळ गिऱ्हाईक नसून त्याचा राखणदारही आहे, असे गृहीत धरलेले दिसते. सुस्थित माणसाचा छंद आणि गरिबाची निकड या ठिकाणी एकमेकांना भेटतात.

आज हे गृहीतच डळमळीत झाले आहे. आधुनिक शेतयंत्रात संगणक असतो आणि बिघाड कोठे आहे हे त्या संगणकाला विचारल्यावाचून कळत नाही. विचारण्याची साधने मात्र पुष्कळदा निर्मात्याच्या आणि त्याच्या अधिकृत विक्रेत्यांच्याच हाती असतात. पाना फिरविण्याचे बळ हातात असूनही शेतकरी दुसऱ्याची वाट पाहत बसतो. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो या असहायतेतून. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ साली याच हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत शेतीची उपकरणे घातली. या कायद्यांचे यश काळच ठरवील. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र जुन्या ट्रॅक्टरच्या शेडमधून अधिक स्पष्ट दिसतो. ३० सहस्रांश इंच मोठा पिस्टन हा निर्मात्याने अपरिचिताला दिलेला शब्द होता. कुलूपबंद संगणक हा तो शब्द देण्यास दिलेला नकार आहे. वस्तू विकली तरी तिच्यावरचा ताबा सोडायचा नाही, आणि ताबा ठेवला तरी तिच्या झिजेची जबाबदारी घ्यायची नाही, असा तो व्यवहार. जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्याला गतकाळाचा मोह असेल. पण त्याच्या हातात एका सुटलेल्या कराराची प्रत आहे, हेही विसरता येत नाही.

अर्थात त्या करारालाही अंत होता. सिलिंडर तीनदाच मोठे करता येते. त्यानंतर आतून नवी नळी ठोकून बसविण्याचा मार्ग काही वेळा उरतो, आणि त्यानंतर तोही उरत नाही. ओतीव लोखंडाला चीर गेली, सांगाडा गंजून चाळण झाला, की शहाणा माणूस थांबतो. दुरुस्तीची नीती अमरत्वाचा दावा करीत नाही. उलट कोणत्याही वस्तूला अंत आहे हे ज्याला उमगले आहे, तोच तिची निगा नीट राखतो. जो ती अक्षय आहे असे समजतो तो तेल बदलायला विसरतो. थांबण्याच्या वेळीही एक कर्तव्य शिल्लक असते. उपयोगी भाग काळजीपूर्वक सुटे करावेत, कोणता भाग कोठून आला आणि त्याची झीज किती झाली आहे हे लिहावे, आणि ते दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या वाट्याला जाऊ द्यावेत. क्रमांकाची पट्टी मात्र सांगाड्याबरोबरच राहू द्यावी.

अशा शेडच्या भिंतीवर पुष्कळदा एक वही टांगलेली असते. तिच्यात तेल बदलल्याच्या तारखा, पॉइंटांचे अंतर, बसविलेल्या पिस्टनचे माप, बदललेल्या तारेचा रंग, अशा कोरड्या नोंदी असतात. त्यांत साहित्यगुण शोधू नये. लिहिणाऱ्याला हे सारे पाठच असते, त्याला स्वतःला वहीची गरज नसते. ती वही ज्याच्यासाठी आहे तो माणूस अजून आलेला नाही. कदाचित त्याचा जन्मही झालेला नसेल. तो येईल, झाकण उघडील, आणि आधीच्या माणसाने काय केले, कोठे अडखळला, कोणती गोष्ट खात्रीने केली आणि कोणती अंदाजाने, हे त्याला वाचता येईल. दुरुस्ती करणाऱ्याची निष्ठा कोणाशी, या प्रश्नाचे उत्तर त्या वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर आहे.